एकतीस मासोळ्या आणि गल्लीची साडेसाती

मानेवाडा, नागपूर
आषाढ, मंगळवार

तीर्थस्वरूप चंद्रभानदादांना,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे हा नमस्कार खुर्चीत बसूनच घातला आहे, पण आठही अंगं मनात मोजून घेतली, एकही कमी नाही.) तुमचा डावा गुडघा कसा आहे? गेल्या वेळी फोनवर तुम्ही उजवा म्हणालात आणि वहिनी डावा म्हणाल्या, तेव्हा मी वहिनींचं धरून चाललो आहे. धानाची रोवणी आटोपली असेल आणि तुम्ही बांधावर बसून दुसऱ्यांच्या रोवणीला नावं ठेवायला मोकळे झाला असाल, अशी आशा आहे. इकडे सर्व ठीक. वंदनाचं बीपी ठीक, माझी साखर ठीक, आणि टाक्यातल्या मासोळ्यांची तब्येत आमच्या दोघांपेक्षा ठीक. तेच सविस्तर सांगायला हे पत्र.

हातात मोबाईल असताना हा माणूस पत्र का लिहितो, असं तुमच्या मनात येईल. दादा, पस्तीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या. भूकरमापकाला तोंडी सांगितलेलं काही खरं वाटत नाही. एक शेतकरी दुसऱ्याला 'धुरा (शेताची हद्द) इथूनच जाते' म्हणून जन्मभर सांगत असतो, आणि साखळी टाकली की धुरा तिसऱ्याच्याच गोठ्यातून निघते. म्हणून सगळी हकीकत क्रमवार, कागदावर. आमच्या भिंतीपलीकडच्या यमुताई (तुम्ही त्यांना नूपुरच्या बारशात पाहिलं आहे, त्यानंतर त्यांचा आवाज दुप्पट झाला आहे) गुरुवारी तुमच्या रामटेकला दर्शनाला येत आहेत. वंदनानं तुमच्यासाठी लोणच्याची बरणी काढून ठेवली आहे, त्याच पिशवीत तळाशी हे पाकीट टाकतो.

तर सुरुवात नूपुरपासून. गेल्या जूनअखेर मी निवृत्त झालो आणि दिवाळीत पोरीनं पुण्याहून एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक गोरा माणूस घरामागच्या अंगणात पांढऱ्या खुर्चीवर बसला होता. खाली नितळ पाण्यात मासे, वर हिरवीगार भाजी, बाजूला छोटंसं कारंजं, आणि त्याची बायको त्याच्याकडे पाहून हसत होती. (ही शेवटची गोष्ट मी तीन वेळा मागे नेऊन पाहिली.) याला अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात. सोप्या भाषेत असं, की खाली टाकं आणि टाक्यात मासोळ्या. मासोळ्या खातात आणि खाल्ल्यावर जे करायचं तेही पाण्यातच करतात. ते पाणी मोटरनं वर चढवायचं. वर गिट्टी भरलेला वाफा. त्यात माती नाही, शेणखत नाही. भाजीची मुळं त्या पाण्यातली घाण शोषून घेतात आणि स्वच्छ झालेलं पाणी परत खाली मासोळ्यांकडे जातं. मासोळी भाजीला पोसते, भाजी मासोळीला सांभाळते, आणि माणूस दोघींना खातो. एवढा सरळ व्यवहार मी पस्तीस वर्षांत एकाही शिवारात पाहिला नव्हता. वंदनाला मी हे सगळं जेवणाच्या टेबलावर पेला आणि गाळणी मांडून समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मासोळीचं घाण पाणी पालकाले, आन तो पालक मले?" शास्त्रीय दृष्टीनं त्यात काहीच चूक नव्हती, म्हणून मी पेला आणि गाळणी उचलून जागेवर ठेवली.

आता जागेचा प्रश्न. आमचं मागचं अंगण अठरा बाय बावीस फुटांचं. तिथे कपडे धुवायचा दगड, एक कढीपत्ता, आणि वंदनाचं वीस वर्षांचं स्वप्न: सगळीकडे फरशी टाकायची आणि उन्हाळ्यात त्यावर वड्या, कुरड्या, सरगुंडे वाळवायचे. एका जागेवर दोघांचा दावा आला की मोजणी करावी लागते. मी नकाशा काढला, चतुःसीमा लिहिल्या (पूर्वेस यमुताईंची भिंत, पश्चिमेस न्हाणी, दक्षिणेस मागचं गेट, उत्तरेस वंदना) आणि करारनामा तयार केला. अट तिनं सांगितली, ती मी तिच्याच शब्दांत उतरवली: "श्रावण लागाच्या आत या टाक्यातून सहा माणसाइचं एक जेवण काढून दाखवा. मासोळीचा रस्सा आन एक भाजी. निघालं त टाकं तुमचं. नाही निघालं त फरशी माही." श्रावणात ती मासोळीकडे पाहतसुद्धा नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून मुदत तशी. निकाल द्यायला पंच कोण, तर तिचे मोठे भाऊ, म्हणजे तुम्ही. दोघांनी सह्या केल्या. श्रावणाआधीचा शेवटचा रविवार हा येता रविवार आहे, दादा. टाकं राहतं की फरशी येते, हे त्या दिवशी दुपारी आमच्या ताटात ठरणार.

बांधणार कोण, हा पुढचा प्रश्न. नागपुरात पाणी, मोटर आणि पाइप या तिन्ही गोष्टी एकाच वेळी समजणारा माणूस एकच, तो म्हणजे कूलरवाला. नोव्हेंबरात तो रिकामाही असतो. चौकातल्या बंटीला बोलावून व्हिडिओ दाखवला. त्यानं अर्धा पाहिला, मोबाईल मला परत दिला आणि म्हणाला, "समजलं काकाजी. कूलरच हाय, फक्त पंखा नाही." मी त्याला बराच वेळ समजावलं की हा कूलर नव्हे. त्यानं मान डोलावली आणि कूलर बनवला. बारा वर्षं तो माणूस कूलर बनवतो आहे, त्याचे हात दुसरीकडे वळतच नाहीत. चार पायांचा लोखंडी स्टँड, वर पत्र्याचा चौकोनी वाफा, तिन्ही बाजूंनी वाळ्याच्या ताट्या (मुळांना थंड राहतं म्हणे), वरून बारीक भोकांचा पाइप, आणि मी नको नको म्हणत असताना समोरून हवेची दिशा बदलायच्या पट्ट्या. पहिल्या आठवड्यात दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत जो आला त्यानं एकच विचारलं, की कूलर अंगणात काहून ठेवला. मोटर आमच्या झोपायच्या खोलीतल्या कूलरचीच काढून लावली, कारण नोव्हेंबरात ती बेकार पडून होती. (पुढे मे महिना येणार आहे, हे ना माझ्या लक्षात आलं ना बंटीच्या. दोघंही जन्माचे नागपूरकर.)

पण नुसतं उपयोगाचं असून भागत नाही. नूपुरच्या व्हिडिओत शोभा होती, तशी मलाही पाहिजे होती. टाक्याला बाहेरून नदीतले गोल गोटे लावून घेतले. निळा दिवा लावला. कारंजं बसवलं, ते दीड फूट उडणं अपेक्षित होतं, पण कूलरची मोटर मोठ्या मनाची निघाली आणि पाणी भिंतीवरून थेट यमुताईंच्या तांदळाच्या सुपात पडू लागलं, म्हणून बंद केलं. मग उद्घाटन. मी सकाळीच पन्नास बोटुकल्या (म्हणजे बोटाएवढी मासोळीची पिल्लं) आणून सोडल्या होत्या. यमुताई पूजेचं ताट घेऊन आल्या. नव्या पाण्याची पूजा केल्याशिवाय त्या कोणाला त्यात हात घालू देत नाहीत. हळद पडली, कुंकू पडलं, अक्षता, झेंडूची फुलं, आणि मी पुढे होईपर्यंत सव्वा लिटर दूध. पाणी आधी पिवळं झालं, मग गुलाबी, मग बासुंदीसारखं दाट. चार बोटुकल्या संध्याकाळपर्यंत गेल्या. यमुताई म्हणाल्या, नैवेद्य पोचला.

शोभेसाठी आणलेल्या सिमेंटच्या बगळ्यांबद्दल मला खरं तर लिहायचं नव्हतं, पण वंदना तुम्हाला रविवारी सांगेलच, त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. विकणारा जोडी फोडून द्यायला तयार नव्हता म्हणून दोन आणले, टाक्याच्या काठावर एका पायावर उभे केले. चौथ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन पाहतो तर बगळे तीन. आपली दोन माणसं आधीच येऊन बसली आहेत म्हणजे इथे पंगत असणार, असा त्या तिसऱ्याचा समज झाला असावा. आणि तो समज खराही होता. पंधरा दिवसांत नऊ बोटुकल्या त्यानं उचलल्या, सिमेंटच्या दोघांना मात्र एकही दिली नाही. शेवटी मी दोन्ही बगळे उचलून न्हाणीत ठेवले. तेव्हापासून वंदना न्हाणीच्या दारावर टकटक करून आत जाते.

हिवाळा बरा गेला. फेब्रुवारीत गिट्टीतून पालक वर आला. दादा, मी रोज सकाळी पट्टी घेऊन पानं मोजत होतो. जन्मभर सातबाऱ्यावर लोकांची पिकं वाचली, पण मी पेरलेलं काही उगवलं, असं पहिल्यांदाच झालं. त्या आनंदात मी कुटुंबाच्या ग्रुपवर पालकाचे अकरा फोटो टाकले, त्याला तुम्ही अंगठा दाखवला होता. (एकच. अकराही दाखवता आले असते.)

मग मे आला. पारा शेहेचाळीसवर गेला आणि एका दुपारी वंदना पेचकस घेऊन अंगणात गेली ती मोटर घेऊनच परत आली. तिचं म्हणणं, मोटरवर पहिला हक्क माणसांचा. मी करारनामा काढला, पण त्यात मोटरचा उल्लेखच नव्हता. (चूक माझी. स्थावर लिहिलं, जंगम लिहायचं राहिलं.) पाणी फिरायचं थांबलं, टाकं तापलं, मासोळ्या वर येऊन तोंडं उघडू लागल्या. दोन दिवसांत सहा गेल्या. उरल्या एकतीस. मग विचार केला, की या घरात सगळ्यांत थंड पाणी कुठे आहे? हॉलमधल्या मोठ्या कूलरच्या टाकीत. वंदनाची दुपारची झोप लागली तसा मी बादलीबादलीनं एकतीसही मासोळ्या त्या टाकीत नेऊन सोडल्या. वरून सतत गार पाणी पडतं आहे, वाळ्याचा वास येतो आहे, अशी सोय त्यांना तलावातही मिळाली नसती. तिसऱ्या दिवशी वंदना म्हणाली, घरात हवा कशी तरीच येऊन राहिली. मी म्हटलं, वाळा जुना झाला. पाचव्या दिवशी, त्या दिवशी शनिवार होता, यमुताई आमरस खायला आल्या आणि नेहमीप्रमाणे कूलरला खेटून बसल्या. पाणी भरायची जी छोटी खिडकी असते ती मी लावायला विसरलो होतो. त्यातून एक मासोळी उडाली आणि यमुताईंच्या वाटीत, आमरसात येऊन पडली.

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतात. मासोळी रसात शेपटी आपटते आहे, यमुताईंच्या चष्म्यावर आमरस ओघळतो आहे, वंदना माझ्याकडे पाहते आहे (ते पाहणं मी इथे लिहीत नाही) आणि यमुताईंनी वाटी दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली. झालं होतं असं, की त्यांच्या मुलाचं, गोलूचं लग्न तीन वर्षांपासून जमत नाही. ज्योतिषानं साडेसाती सांगितली आणि उपाय म्हणून दर शनिवारी मासोळ्यांना कणकेच्या गोळ्या खाऊ घालायला सांगितलं. त्यासाठी त्या ऑटो करून तलावावर जायच्या. त्या शनिवारी उन्हामुळे गेल्या नव्हत्या. आणि ज्या दिवशी त्या मासोळीकडे गेल्या नाहीत, नेमक्या त्याच दिवशी मासोळी स्वतः चालून त्यांच्या वाटीत आली. मी ती मासोळी उचलून परत टाकीत सोडली. कूलरमध्ये मासोळ्या का होत्या, हा प्रश्न त्या गडबडीत मागे पडला, एवढंच मला पुष्कळ होतं.

दुसऱ्याच दिवशी मी नवी मोटर आणली, टाक्यावर हिरवी जाळी बांधली आणि मासोळ्या परत त्यांच्या घरी नेल्या. पण बातमी त्यांच्या आधी गल्लीत पोचली होती. पुढच्या शनिवारी सकाळी मागच्या गेटशी चार बायका गोळ्यांचे डबे घेऊन उभ्या. त्याच्या पुढच्या शनिवारी अकरा. आता दर शनिवारी आमच्या मागच्या गेटशी चपलांचा ढीग असतो आणि ओळ पार कोपऱ्यावरच्या विजेच्या रोहित्रापर्यंत जाते. ज्यांची साडेसाती संपली तेही येतात, म्हणे पुढच्या वेळेसाठी जमा. प्रत्येकानं आपली मासोळी ठरवून घेतली आहे. वाकड्या शेपटीची गोलूची. एक कोपऱ्यात राहते ती बँकेतल्या साहेबांची. कोणती कोणाची हे त्यांना कसं ओळखू येतं देव जाणे, मला अजून एकतीसही सारख्याच दिसतात. कणीक खाऊन खाऊन एकेक मासोळी पाऊण किलोची झाली आहे. जाताना लोक प्रसाद म्हणून पालकाची दोन दोन पानं तोडून नेतात. मी हरकत घेतली तर एक बाई म्हणाल्या, भाऊ, देवाच्या दारातलं आहे, त्याला काय मोजता. माझ्या आयुष्यभराच्या नोकरीला असं कोणी बोललं नव्हतं.

आता गेल्या शनिवारचं सांगतो, म्हणजे हकीकत पूर्ण होते. रविवारच्या जेवणाची पूर्वतयारी म्हणून, कोणत्या सहा काढायच्या ते नक्की करावं या हेतूनं, मी हातजाळी घेऊन टाक्याशी गेलो. ओळ लागलेली होती. जाळी पाहून ओळ मोडून माझ्याभोवती गोळा झाली. यमुताई पुढे आल्या आणि माझ्या हातातल्या जाळीची दांडी धरून म्हणाल्या, "शेषरावभाऊ, त्या मासोळीवर माह्या गोलूची साडेसाती हाय. तिले कापलं त थे साडेसाती कोणाच्या घरी जाईन, थे पहिले सांगा." मागून सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, जमिनीच्या कायद्यात असा बोजा चढत नाही. कोणी ऐकेना. शेवटी मी आशेनं वंदनाकडे पाहिलं, कारण ती शिकलेली बाई, तिला हे असलं पटत नाही. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि सगळ्या गल्लीसमोर म्हणाली, "मी लोकाइची साडेसाती रस्स्यात टाकून नाही खाणार बा. अटीत मासोळी होती, शनी नव्हता."

पण दादा, भूकरमापक उगाच नाही झालो मी. मी तिथल्या तिथे सर्वांना शांतपणे सांगितलं, की अशी वेळ येणार हे ओळखून मी सहा मासोळ्या पहिल्यापासूनच वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. न्हाणीजवळ झाकण लावलेलं निळं पिंप आहे ना, त्यात. त्यांना कोणाच्या हातची गोळी मिळालेली नाही, त्यांच्यावर कोणाचा ग्रह नाही, अगदी निर्वेध मासोळ्या. गल्लीनं हे मान्य केलं. यमुताईंनी स्वतः जेवायला यायचं कबूल केलं. वंदनानं फक्त भुवई वर केली आणि आत गेली. तेव्हा रविवारी बारा वाजेपर्यंत वहिनींना घेऊन यावं, पंच म्हणून पाटावर बसावं आणि निकाल द्यावा. नूपुरही शनिवारी येते आहे. आपण दोघं, वहिनी, वंदना, नूपुर आणि यमुताई, बरोबर सहा पानं. विजय माझाच आहे, पण पंचाची सही लागते.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, आणि त्या गुडघ्याला माझ्याकडून सांभाळून राहायला सांगा, तो डावा असो की उजवा.

तुमचा
शेषराव

ता. क. – पिंपात मासोळ्या नाहीत. म्हणजे कधीच नव्हत्या. शनिवारी सगळे माझ्याकडे पाहत होते आणि ते तोंडातून निघून गेलं. तुमच्याकडे तलावावर पहाटे जाळी लागतात, तिथून रोहूच्या सहा मासोळ्या, अर्ध्या-पाऊण किलोच्या, जिवंत, झाकणाच्या मोठ्या डब्यात पाणी घालून रविवारच्या पहिल्या एसटीनं आणाव्यात. कंडक्टरनं विचारलं तर दही म्हणावं. डबा हलला तर ताक म्हणावं. समोरच्या दारानं येऊ नका. मागच्या गेटशी मी आठपासून उभा आहे. वंदना त्या वेळी पूजेत असते, तेवढ्यात पिंपात सोडून देऊ.

ता. क. दुसरा – पालकाची एक जुडीही आणावी, मुळांसकट, म्हणजे गिट्टीत खोचता येईल. सध्या वाफ्यात एकूण तीन पानं आहेत, त्यातलं एक पिवळं आहे.

ता. क. तिसरा – तुम्ही म्हणाल, एवढं कशाला, फरशी टाकू द्या तिला. दादा, खरं सांगतो. ते टाकं गेलं तर सोमवारी सकाळी उठून मी कुठे जायचं, हे मला कळत नाही. एवढं तुमच्याशिवाय कोणाला लिहिलं नसतं. वाचून झालं की पत्र चुलीत टाका. वंदनाला यातलं अक्षर माहीत नाही.

ता. क. चौथा – दादा, मी वंदना. पाकीट चिकटवाले हे भाताचे शितं मागाले आले, तवाच मले समजलं का आत काहीतरी हाय. पिंपात काही नाही, थे मले शनिवारीच माहीत होतं. रोज कपड्याले पाणी मी त्यातूनच काढते. तू मासोळ्या आनजो. सहा नको, आठ आनजो, एसटीत एखादी दगावली त कमी पडाले नको. पालक बी आनजो, यांले गिट्टीत खोचता येत नाही, मी पूजा झाल्यावर नीट खोचून ठेवीन. आन त्या दिवशी माही पूजा अर्धा घंटा जास्त चालन, तुमी घाई करू नका.

तू म्हणशीन, वंदे, तुले त फरशी पाहिजे होती. पाहिजे होती गा. पण रिटायर झाल्यावर पहिला महिना हे रोज दहाले इस्त्रीचे कपडे घालून, गेटपाशी खुर्ची टाकून बसत. कोणी बलावत नव्हतं, तरी बसत. मले पाहवत नव्हतं. दुसऱ्या महिन्यात उठून स्वयंपाकघरात आले. माह्या डब्याइवर नंबर टाकले, फोडणी किती सेकंद तडतडली थे लिहून ठेवलं, आन एक दिवस पट्टी घेऊन माह्या पोळ्या मोजल्या, म्हणे सातवी पाव इंच कमी हाय. आता सकाळी सहाले अंगणात जातात, थे जेवाले बलावलं तवाच आत येतात, आन येतात त हासत येतात. तवा टाकं राह्यलं पाहिजे. फरशी टाकाले जागा लय हाय, या माणसाले टाकाले दुसरी जागा नाही माह्यापाशी.

निकाल बरोबर देजो. मी हारली म्हणून रविवारभर तोंड पाडून बसीन, दोन शब्द लागट बी बोलीन, नाही त यांले संशय यीन. तू तवा माह्याकडे पाहून हासू नको.